धुलाईगृह आधी पाडलं

अणुवीज केंद्र बंद झालं तेव्हा गावाला वाटलं, आता एक दिवस बटण दाबतील, मोठं कुलूप लावतील आणि किल्ली खिशात टाकून साहेब लोक घरी जातील. तसं काही नसतं. चाळीस वर्षं चाललेलं केंद्र उतरवायला आणखी पंचवीस वर्षं लागणार हे कळल्यावर लोकांनी कपाळाला हात लावला. एवढी वर्षं आत काय चाललंय ते लोकांना कळायला नको का, म्हणून वरून हुकूम आला की नागरिकांची देखरेख समिती नेमा.

समिती नेमायची म्हणजे खुर्च्या आधी आणि माणसं मागून. बारा खुर्च्या ठरल्या. प्राध्यापक, डॉक्टर, वकील, शाळा, कामगार संघटना असं वाटप करता करता शेवटी एक खुर्ची उरली, ‘स्थानिक व्यावसायिक’ नावाची. औषधवाल्यानं वेळ नाही म्हणून हात वर केले. न्हावी तयार होता, पण तो बोलायला लागला की कापलेले केस परत वाढेपर्यंत थांबत नसे, म्हणून त्याचं नाव कोणी पुढे केलं नाही. मग कोणीतरी म्हणालं, लाँड्रीवाल्या काकांना घ्या. बोलत नाहीत, उशीर करत नाहीत, कपडे स्वच्छ असतात. लोकशाहीला आणखी काय हवं?

काका तसे नाकासमोर चालणारे. तेहेतीस वर्षं एकाच टेबलामागे उभं राहून त्यांनी अख्ख्या गावाचे कपडे धुतले होते. कोणाच्या कॉलरला कसला डाग, कोणाच्या खिशात कोणाची चिठ्ठी, सगळं त्यांना ठाऊक. पण एक अक्षर कधी दुकानाबाहेर गेलं नाही. त्यांचे नियम साधे होते. कपडा घेताना गिऱ्हाइकासमोर खिसे उलटे करायचे. आतून नंबराचा दोरा घालायचा. पांढरं वेगळं, रंगीत वेगळं, कारखान्यातलं तेलकट त्याहून वेगळं. आणि संध्याकाळी सगळं धुणं उरकलं की पिंपं आणि मशिनं धुवायची, ती अगदी शेवटी. या नियमांपलीकडे जगात काही शिकण्यासारखं असेल तर ते इतर लोक शिकतीलच, अशी त्यांची समजूत होती.

समितीचं ओळखपत्र गळ्यात अडकवून ते पहिल्या बैठकीला निघाले तेव्हा काकू म्हणाल्या, “अहो, ते शर्टाच्या आत घाला. फोटोत तुम्ही पळून चालल्यासारखे दिसताय.”

काकांनी ते आत घातलं, आणि कोपऱ्यावर वळल्यावर परत बाहेर काढलं. खोटं कशाला सांगायचं, माणसाला बरं वाटतं.

बैठकीची खोली केंद्राच्या जुन्या कार्यालयात पहिल्या मजल्यावर होती. एका बाजूला काचेची भिंत, तिच्यापलीकडे मार्गिका आणि मार्गिकेत एक लाकडी बाक. आत लांबलचक टेबल, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली आणि पाटी. अध्यक्ष म्हणजे निवृत्त प्राचार्य. आवाज असा, की साधं ‘बसा’ म्हणाले तरी सभागृहात घुमावं. त्यांच्या शेजारी समन्वयक बाई बसायच्या. त्या केंद्राच्या पगारावर होत्या, पण समितीच्या सेवेत होत्या. हे दोन्ही एकाच वेळी कसं जमतं ते त्यांच्या हसण्यावरून कळत नसे. इतिवृत्त त्याच लिहायच्या.

पहिल्या दोन बैठकी समितीचं छोटं नाव काय ठेवावं यात गेल्या. मतदान झालं. काका तेव्हा चहात बिस्किट बुडवत होते. आपलं मत कोणत्या बाजूला पडलं ते त्यांनाही महिन्यानं इतिवृत्त वाचल्यावर कळलं. तिसऱ्या बैठकीत प्रत्येकाला केंद्र उतरवण्याचा आराखडा मिळाला, चारशे बारा पानांचा. बाईंनी त्याच बैठकीत एक कागद फिरवला, ‘वाचून संमती दिली’. म्हणजे संमती आज आणि वाचणं सवडीनं. अकरा जणांनी सही केली, म्हणून बाराव्यानंही केली. आराखडा घरी आला आणि काकूंनी तो हलणाऱ्या कपाटाच्या एका पायाखाली सरकवला. कपाट हलायचं थांबलं, तेव्हा आराखड्याचा काही उपयोग नाही असं कोणी म्हणू शकलं नसतं.

पुढे चारेक महिन्यांनी काकांची लेक दुकानात आली. कडेवर सात महिन्यांचं बाळ, हातात गाठोडं.

“बाबा, यांचे सूट आहेत. मशीनमध्ये दोनदा घातले, पण गुडघ्यावरचं जातच नाही.”

जावई केंद्रात ठेकेदाराकडे कामाला होता. जुने पाईप कापायचे, तुकडे करायचे, पेट्यांत भरायचे. अंगात नारिंगी बॉयलर सूट. काकांनी गाठोडं सोडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की तेहेतीस वर्षांत हा कपडा या टेबलावर पहिल्यांदाच येतोय. केंद्रातल्या लोकांचे शर्ट आले होते, लग्नाचे कोट आले होते, पडदे आले होते. कामाचा कपडा एकही नाही. तो आतच उतरवायचा आणि आतच धुवायचा, असा तिथला नियम होता आणि त्यासाठी आत धुलाईगृह होतं.

सवयीनं त्यांनी खिसे उलटे केले. छातीच्या खिशातून एक बॅज निघाला, किती किरणं लागली ते मोजणारा, कामाच्या वेळी छातीला लावायचा.

“हा घरी कसा आला?” काकांनी विचारलं.

“विसरले असतील. आता कपडे बदलायची खोलीच नाही ना. ते धुलाईगृह पाडलं तेव्हा खोलीपण गेली. दारात किरणं तपासायचं मशीन आहे. वाजलं तर सूट ठेवून घेतात, नाही वाजलं तर घरी न्यायचा आणि सकाळी धुतलेला घालून यायचं. मळका दिसला तर दारातून परत पाठवतात.”

“आणि तू हे मशीनमध्ये धुतेस.”

“मग कुठे धुणार?”

“कशाबरोबर?”

लेकीनं बाळाचं झबलं नीट केलं.

मशीन वाजत नाही याचा अर्थ कपडा स्वच्छ आहे, असं मानायला काकांचा धंदा तयार नव्हता. ओला असताना दिसत नाही आणि वाळल्यावर वर येतो, असे डाग त्यांनी जन्मभर पाहिले होते. पहिला विचार आला की सूट आपणच ठेवून घ्यावेत, वेगळ्या पिंपात धुवावेत, लेकीच्या घरातली कटकट संपेल. त्यांनी गाठोडं उचललंही. मग मागे वळून पाहिलं तर मांडणीवर शाळेच्या गणवेशांचे ढीग लागलेले, शेजारी दवाखान्याच्या चादरी. जे लेकीच्या घरात नको ते गावाच्या कपड्यांत कसं चालेल? त्यांनी गाठोडं परत बांधलं आणि लेकीच्या हातात दिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी गिऱ्हाईक परत पाठवलं, आणि ती निघाली पोटची पोर.

“मग मी कुठे धुऊ ते तरी सांगा,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. त्यामुळेच काकांना ते फार लागलं.

त्या दुपारी दुकान अर्धं बंद करून काका घरी गेले आणि कपाटाच्या पायाखालून आराखडा ओढून काढला. कपाट कुरकुरलं, काकूही. पहिली दोनशे पानं त्यांच्या डोक्यावरून गेली. मग इमारती पाडण्याच्या क्रमाची यादी आली. त्यात सतरा नंबरला लिहिलं होतं: धुलाईगृह, तिसरा महिना. खाली कारणही होतं, की इमारत लहान, एकमजली आणि पाडायला सोपी, त्यामुळे कामाला वेगानं सुरुवात झाल्याचं दिसेल. पाईप कापायचं काम पुढच्या पानावर होतं, चौथ्या महिन्यापासून अकराव्या वर्षापर्यंत.

काकांनी ती दोन पानं चार वेळा उलटसुलट केली. आपलंच काही चुकत असेल असं त्यांना आधी वाटलं. एवढे शिकलेले लोक, एवढे नकाशे, एवढे शिक्के. पण कितीही वाचलं तरी तेच. ज्या कामात कपडे घाण होणार ते अकरा वर्षं चालणार होतं आणि कपडे धुण्याची जागा त्याआधीच जमीनदोस्त. धुणं संपायच्या आत कोणी पिंप उलथं करतं का? आणि या सगळ्याखाली ‘वाचून संमती दिली’ म्हणून त्यांची स्वतःची सही होती. ती पाहून त्यांना मनापासून लाज वाटली.

पुढच्या बैठकीत काकांनी हात वर केला. अध्यक्षांना वाटलं, यांना पंखा कमी करून हवाय. त्यांनी बाईंना तशी खूणही केली.

“मला विचारायचं होतं,” काका उभे राहून म्हणाले, “कामगारांचे कपडे आता कुठे धुतात?”

प्राध्यापकांनी आराखडा उघडला. पानं नवीकोरी होती, एकमेकांना चिकटलेली. अध्यक्ष म्हणाले, “तपासणी होतेच. मर्यादेच्या आत असल्याशिवाय काही बाहेर जात नाही.”

“बरोबर आहे. पण ते घरी धुतात. लहान मुलांच्या कपड्यांबरोबर. धुलाईगृह शेवटी पाडायला हवं होतं. ते परत उभं करा, साधी शेड टाकली तरी चालेल.”

बाई प्रसन्न हसल्या. “फार चांगला मुद्दा आहे. पण काका, आपली स्वतःची लाँड्री आहे ना?”

“आहे.”

“मग धुलाईच्या विषयात आपला हितसंबंध येतो. नियमाप्रमाणे हा फॉर्म भरावा लागेल, आणि हा विषय चालू असताना आपल्याला बाहेर बसावं लागेल.”

काका प्रामाणिक माणूस. त्यांनी फॉर्म भरला. ‘हितसंबंध आहे का?’ या प्रश्नापुढे ‘आहे’ लिहिलं, आणि तपशिलात जावई कुठे काम करतो, लेक कपडे कुठे धुते, तेही सुवाच्य अक्षरात लिहिलं. बाईंनी वाचून मान डोलावली. एक हितसंबंध होता, आता दोन झाले.

तेव्हापासून प्रत्येक बैठकीत तसंच व्हायचं. धुलाईचा विषय आला की काका उठायचे आणि मार्गिकेतल्या बाकावर जाऊन बसायचे. काचेतून सगळं दिसायचं, ऐकू काही यायचं नाही. लोक पाणी प्यायचे, कोणी घड्याळ बघायचं, अध्यक्ष हात पसरायचे. मग बाई दार उघडून आत या म्हणायच्या. इतिवृत्तात लिहिलेलं असायचं: ‘धुलाईच्या विषयावर चर्चा झाली. कोणत्याही सदस्यानं प्रश्न उपस्थित केला नाही.’ ते खोटं होतं असं कसं म्हणणार? प्रश्न ज्याला होता तो बाहेर बाकावर होता.

असे पाच महिने गेले. लेकीच्या बाल्कनीत नारिंगी सूट वाळत असायचे, शेजारी इवलीशी झबली. काका तिच्याकडे गेले की आधी दोरीकडे बघायचे आणि मग बाळाकडे. एकदा बाळाला साधी सर्दी झाली तर काकांना दोन दिवस अन्न गोड लागेना. डॉक्टर म्हणाले सर्दी आहे, काकूही म्हणाल्या सर्दीच आहे. काकांनाही ते कळत होतं. तरी भीती वाटायची ती वाटायचीच.

शेवटी त्यांनी बाईंना विचारलं, “माझं दुकान नसेल तर मला आत बसता येईल?”

“अर्थात. मग हितसंबंध कुठे उरला? नातेवाइकांचं आम्ही ताणून धरणार नाही, तेवढं समजून घेऊ. दुकान ही मुख्य अडचण.”

“बायकोच्या नावावर केलं तर?”

“पत्नीचा हितसंबंध तो सदस्याचाच हितसंबंध. नियम आहे.”

समोरचा ड्रायक्लीनवाला काकांचं दुकान घ्यायला कधीचा टपून बसला होता. त्याच्या दुकानाला काचेचं दार होतं, आत थंड हवा, आणि कपडे कुठल्यातरी दुसऱ्या शहरात धुऊन यायचे. त्यानं स्वतः आयुष्यात रुमाल ओला केला नसेल. काकांनी तो सौदा घरी सांगितला तेव्हा काकू चुलीपाशी तशाच उभ्या राहिल्या.

“अहो, तेहेतीस वर्षांचं दुकान. एका प्रश्नापायी?”

“प्रश्नापायी नाही गं. पोरीपायी.”

काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कागदावर साक्षीदार म्हणून सही करायला मात्र त्याच आधी तयार होऊन बसल्या.

दुकान गेलं. काका कागदाची प्रत घेऊन बैठकीला आले, खुर्चीवर बसले, आणि धुलाईचा विषय निघाल्यावर पहिल्यांदाच जागेवरून उठले नाहीत. बाईंनी प्रत वाचली. दोनदा वाचली. मग त्यांनी अध्यक्षांच्या कानात काहीतरी सांगितलं.

अध्यक्षांनी घसा खाकरला. “आपला त्याग मोठा आहे. पण एक तांत्रिक बाब आहे. आपली जागा ‘स्थानिक व्यावसायिक’ या गटातली. आता आपला व्यवसायच राहिला नाही म्हटल्यावर…”

काकांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. दुकान होतं म्हणून बोलता येत नव्हतं आणि दुकान नाही म्हणून बसता येत नव्हतं. एवढा चोख हिशेब त्यांच्या धंद्यातही कोणी कधी लावला नसेल. बाई दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या की सामान्य नागरिक म्हणून प्रेक्षकांत बसायला आपलं स्वागतच आहे, शेवटी दोन मिनिटं बोलताही येतं. निर्णय झाल्यानंतर.

पुढच्या महिन्यात काका प्रेक्षकांत जाऊन बसले. त्यांच्या खुर्चीवर नवा सदस्य होता, समोरचा ड्रायक्लीनवाला. त्यानं फॉर्ममध्ये हितसंबंध ‘काही नाही’ असं लिहिलं होतं, कारण दोन्ही दुकानं मेहुण्याच्या नावावर होती. मेहुणा म्हणजे काही पत्नी नव्हे. काकांना दोन मिनिटं मिळाली. त्यांनी आपलं म्हणणं पुन्हा मांडलं, लेकीचं सांगितलं, बॅजचं सांगितलं. बाईंनी घंटी वाजवली. सगळे पाण्याच्या बाटल्या गोळा करून उठले.

पण ड्रायक्लीनवाल्याचे कान टवकारले होते. पोरीबाळींचं त्याच्या कानात किती शिरलं देव जाणे, पण अकरा वर्षांचं धुणं आहे एवढं पक्कं शिरलं. दुसऱ्याच बैठकीत त्यानं ठराव मांडला: आवारात धुलाईची शेड हवी, शेजारी कपडे बदलायची खोली हवी, कामगारांच्या आरोग्याची आपल्याला काळजी नको का? अध्यक्षांना गहिवरून आलं. ठराव एकमतानं मंजूर झाला. काम मेहुण्याला मिळालं. काका सात-आठ महिने प्रामाणिकपणे जे मागत होते ते त्या गृहस्थानं वीस मिनिटांत मिळवलं.

काकू रागानं लाल झाल्या. काका मात्र हसत होते. “कोणीही मिळवू दे. सूट पोरीच्या घरी जायचे थांबले की झालं.”

शेड उभी राहिली, मशिनं आली, आणि मग एक अडचण निघाली: कपडे धुता येणारा माणूस मेहुण्याकडे नव्हता. एका सकाळी ड्रायक्लीनवाला स्वतः काकांच्या दारात आला, काचेचं दार सोडून. “काका, तुमच्याशिवाय हे काम कोण करणार?” ते खरंच होतं. काकांनी कामावर येण्याचा कागद वाचला, या वेळी सही करण्याआधी. त्यात एक कलम होतं: केंद्रातल्या कामाविषयी जाहीर बोलणार नाही, समितीच्या बैठकीत प्रेक्षक म्हणूनही बसणार नाही. काकांना वाटलं, आपल्याला जे बोलायचं होतं ते बोलून झालंय. त्यांनी सही केली.

आणि काय काम केलं त्यांनी! पाईपवाल्यांचे सूट वेगळे, भिंती खरवडणाऱ्यांचे वेगळे. प्रत्येक सुटाला आतून नंबराचा दोरा. खिसे उलटे केल्याशिवाय एक कपडा पुढे जायचा नाही. पहिल्याच आठवड्यात नऊ बॅज निघाले. बिननंबरी चिंधीसुद्धा मशीनमध्ये टाकू द्यायचे नाहीत, मोजणी चुकली की सगळं बाहेर काढून पुन्हा मोजायचे. धाकानं पोरं दारातच सूट उतरवायला लागली. काका अंगात आकाशी रंगाचा सूट घालून दिवसभर त्या ढिगाऱ्यात उभे असायचे, आणि बऱ्याच वर्षांत नव्हते इतके खूश होते.

एका सुट्टीच्या दिवशी दोघं लेकीकडे गेले. बाल्कनीतल्या दोरीवर फक्त झबली आणि टॉवेल होते. काका कितीतरी वेळ तिथेच उभे राहिले. मग आत येऊन त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि लेकीला सगळं सांगायला लागले. कपडा कुठून आत येतो, कुठे मोजतात, कोणत्या मशीनमध्ये जातो, मैलापाण्याची टाकी कशी वेगळी आहे. माणूस दहा वर्षांत बोलला नसेल एवढं बोलला.

लेक ऐकत होती. मधेच तिनं विचारलं, “आणि तुमचा?”

“माझा काय?”

“तुमचा सूट, बाबा. तुम्ही दिवसभर घालता तो. तो कोण धुतं?”

काकांचा सूट बिननंबरी होता. धुलाईचे लोक ‘स्वच्छ सेवा’ या सदरात मोडत होते, करारात त्यांचे कपडे नव्हतेच, आणि बिननंबरी कपडा मशीनमध्ये जाऊ द्यायचा नाही हा नियम त्यांनी स्वतः भिंतीवर लिहून लावला होता. जन्मभर त्यांचे स्वतःचे कपडे कधी दुकानात आले नाहीत. ते गिऱ्हाइकाचे नव्हते, म्हणून ते कधी धुण्यातच धरले नव्हते.

“मी धुते,” काकू म्हणाल्या. “सोमवारी आणि गुरुवारी. आपल्या चादरींबरोबर.”

काकांनी बाळाला हळूच उचलून लेकीकडे दिलं आणि हात मागे घेतले. चारशे बारा पानांत जी चूक त्यांनी पकडली होती तीच त्यांनी आपल्या घरात केली होती, आठ महिने, आणि ज्या बायकोनं त्यांच्यासाठी दुकानाच्या कागदावर सही केली तिच्या हातांनी. त्यांना इतकं अपराधी वाटलं की काकूंकडे मान वर करून बघवेना.

दुसऱ्या दिवशी ते ड्रायक्लीनवाल्याशी बोलले. तो म्हणाला, पुढच्या करारात बघू. पुढचा करार तीन वर्षांनी होता. समितीत बोलायला काकांच्या तोंडावर त्यांचीच सही होती.

“तुमची आहे ना,” काकू म्हणाल्या. “माझी कुठे आहे?”

बैठकीच्या दिवशी काकू नीटनेटक्या तयार झाल्या. पहिल्या मजल्यावर मार्गिकेत बाईंनी टेबल मांडलं होतं. दोन मिनिटं बोलायची असतील तर तिथेच फॉर्म भरायचा. काका तिथवर सोबत आले. त्यापुढे त्यांना मनाई होती. काकूंनी चष्मा लावला आणि एकेक ओळ भरत गेल्या. नाव, पत्ता, विषय. मग तो प्रश्न आला: ‘या विषयाशी आपला काही हितसंबंध आहे का?’ त्याखाली बारीक अक्षरात होतं, असल्यास बोलता येणार नाही.

“खरं लिही,” काका सवयीनं पुटपुटले.

“खरं तुम्ही लिहिलं होतंत,” काकू म्हणाल्या. त्यांनी एकदा काकांच्या हातांकडे पाहिलं. मग शांतपणे लिहिलं, ‘काही नाही’, खाली सही केली, फॉर्म बाईंपुढे सरकवला आणि दार ढकलून आत गेल्या.

काका बाकावर बसले. काचेपलीकडे त्यांना काकू माइकपाशी उभ्या दिसत होत्या. बोलत होत्या, हात हलवत होत्या, चादर पिळल्यासारखं काहीतरी दाखवत होत्या. ऐकू काही येत नव्हतं. अडतीस वर्षांच्या संसारात बायकोनं पहिल्यांदाच कागदावर लिहून दिलं होतं की या माणसाशी आपला काही संबंध नाही, आणि काकांना रडू येत होतं ते त्यामुळेच.